आपोआप काई होते का

बारावीला उत्परिवर्तनाचा धडा दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की यायचा. मी फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारायची. एका बाजूला लिहायची ‘आपोआप’, दुसऱ्या बाजूला ‘घडवून आणलेलं’. पुस्तकात याला जडजंबाल शब्द होते आणि परीक्षेत तेच लिहावे लागत, पण त्याआधी मला मुलांच्या डोक्यात हे दोन साधे शब्द घालायचे असत. नोकरीच्या पहिल्या वर्षांत हा धडा म्हणजे माझ्या हातचा मळ होता. पुढेही मी तो दरवर्षी शिकवला. फक्त पुढे त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना मला माझीच मुलगी दिसायला लागली, आणि वर्गाकडे पाठ करून फळा पुसायला मला जरा जास्तच वेळ लागायला लागला.

हिंगणघाटच्या आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलचं जर्नल स्वतः लिहिण्याची पद्धत नव्हती. मागच्या वर्षीच्या मुलाचं जर्नल आणायचं आणि उतरवून काढायचं. कधीकाळी कुणीतरी बेडकाच्या आकृतीत मूत्रपिंडाच्या बाणापुढे यकृत लिहून ठेवलं होतं. ते पुढच्या वर्षीच्या जर्नलात आलं, त्याच्याही पुढच्या वर्षीच्या आलं. मी दरवर्षी लाल रेघ मारायची आणि तरीही दरवर्षी दहाबारा बेडकांना दोन-दोन यकृतं असायची. तेच मी उदाहरण म्हणून सांगायची. पेशी दुभागते तेव्हा तिला आपला सगळा मजकूर नव्यानं उतरवून काढावा लागतो. अक्षरं चारच, पण मजकूर अफाट. चुका तपासणारी यंत्रणा पेशीत असते आणि ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं काम करते. तरी एखादं अक्षर निसटतंच. काही अक्षरं तर कुणी उतरवायला न घेताही बदलतात, पेशीतल्या पाण्यात आणि उबेत राहून राहून त्यांचा एखादा कण गळतो आणि ती दुसऱ्याच अक्षरासारखी दिसायला लागतात. हे आपोआप. आणि जर्नलावर कुणी चहा सांडला, पान फाटलं, तर ते घडवून आणलेलं. उन्हातले अतिनील किरण शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटवतात, एक्स-रे तर ज्यावर ही अक्षरं ओवलेली असतात तो धागाच तोडतात, काही रसायनं अक्षरांच्या मध्ये घुसून बसतात.

मुलांना दुसरी बाजू लगेच पटायची. पहिली पटायची नाही. मागच्या बाकावरचा एखादा हमखास विचारायचा, “पण मॅडम, आपोआप म्हंजे कायच्यानं?”

“कायच्यानंच नाही. होतं,” मी म्हणायची, आणि मुलं हसायची. तेव्हा मीही हसायची.

मी नाचणगावची. लग्न होऊन हिंगणघाटला आले ती व्यापाऱ्यांच्या घरात. खाली दुकान, वर राहणं. दुकान कृषी केंद्राचं, बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं. पावसाळा सुरू झाला की त्या औषधांचा वास जिना चढून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा आणि वरणालाही त्याची चव आहे असं मला वाटायचं. सासूबाई एका शब्दाला दोन शब्द देणाऱ्या, मीही तशीच. त्यामुळे घरात शांतता कमी होती पण अबोला नव्हता. नवरा माझ्या आणि आईच्या मधून अंग चोरून दुकानात उतरायचा आणि संध्याकाळी तसाच वर यायचा.

मला चौथा महिना होता तेव्हा दिवाळीतच सूर्यग्रहण आलं. पेपरांत रोज त्याच्याच बातम्या. आमच्या गावात काही मास्तरमंडळींनी वणा नदीच्या काठच्या मैदानावर मुलांना पुठ्ठ्याच्या भोकातून ग्रहण दाखवायचं ठरवलं. त्यांच्यात कुणीतरी सुचवलं की एखादी गरोदर बाई आली आणि तिनं सगळ्यांसमोर काही चिरून खाल्लं तर लोकांची भीती जाईल. कारण आमच्याकडे ग्रहणात गरोदर बाईनं हलायचंही नसतं. चिरायचं नाही, शिवायचं नाही, पाणी प्यायचं नाही, अंधाऱ्या खोलीत पाय लांब करून बसायचं. चिरलं तर लेकराचा ओठ फाटतो, सूर्याकडे पाहिलं तर डोळा जातो. गावात शिकलेली गरोदर बाई त्या वेळी मीच होते. मला वेगळं विचारावंही लागलं नाही.

“जाऊ नको,” सासूबाई जिन्यात आडव्या उभ्या राहिल्या. “मी तुह्याशी भांडतो ते वेगळं. पन आज जाऊ नको.”

“आई, सूर्याच्या आड चंद्र येतो, बाकी काही नाही.”

“येऊ दे ना मग. त्याले आपन पाह्यलंच पायजे का?”

मी गेले. पुठ्ठ्याखालच्या पांढऱ्या कागदावर सूर्याची छोटी कोर पडली होती. पोरांनी गलका केला. मी घरून नेलेला पेरू काढला, चाकूनं चार फोडी केल्या, मीठ लावून खाल्ल्या. टाळ्या वाजल्या. मला फार बरं वाटलं होतं हे मी लपवणार नाही. आजही मला त्या पेरूबद्दल अपराधी वाटत नाही, वाटायचं काही कारणही नाही. पण त्या टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकजणही पुढे माझ्या बाजूनं बोलायला घरी आला नाही, याचा राग मात्र अजून आहे.

मुलगी मार्चमध्ये झाली. ओठ धड, बोटं धड, रंग सासरचा. सासूबाईंनी तिला नखशिखान्त तपासली आणि काही बोलल्या नाहीत. त्यांच्या त्या न बोलण्यावर मी मनातून जिंकल्याचा शिक्का मारला.

संक्रांतीला बोरन्हाण केलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे आणि उसाच्या कांड्या. गावातल्या स्टुडिओवाल्याला घरी बोलावलं होतं. त्यानं दोनचार फोटो काढले. त्यातला एक मोठा करून, चौकट घालून आणून दिला. मुलगी समोर बघून हसते आहे आणि तिचे दोन्ही डोळे काळेभोर, टपोरे. सासूबाईंनी तो देवघराच्या बाजूच्या भिंतीवर लावला. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या आधी फोटो दाखवायच्या, मग मुलगी.

तिच्या पहिल्या वाढदिवसानंतरची गोष्ट. दिवेलागणीला सासूबाई तिला मांडीवर घेऊन देवासमोर बसल्या होत्या. मी पोळ्या करत होते.

“इकडं ये वो,” त्या म्हणाल्या. “पोरीचा डोया पाह्य. मांजरीवानी चमकून राह्यला.”

मी पोळपाटापुढून उठले नाही. “मांजरीच्या डोळ्यात मागे आरशासारखा पडदा असतो, म्हणून चमकतो. माणसाच्या डोळ्यात तो नसतो, आई. चमकूच शकत नाही.”

तव्यावरची पोळी उलटली तेव्हा माझंच वाक्य मला ऐकू आलं. चमकूच शकत नाही. मी गॅस बंद केला, कणकेच्या हातानं बॅटरी घेतली आणि तिच्यासमोर बसले. उजव्या डोळ्याची बाहुली काळी. डाव्या बाहुलीच्या आत पांढरट पिवळं काहीतरी, भिजवलेल्या साबुदाण्यासारखं. पुस्तकातलं चित्र मला ठाऊक होतं. पुस्तकात ते अर्ध्या पानात संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सेवाग्रामच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करायचं औषध घालून पाहिलं, मग आणखी एकांना बोलावून पाहिलं, आणि मग ते माझ्याशी फार हळू बोलायला लागले. त्यांनी हैदराबादच्या डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली आणि थांबू नका म्हणाले. आम्ही थांबलो नाही. सासूबाई न विचारता पिशवी भरून गाडीत बसल्या.

डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर. डावा डोळा आतून पूर्ण भरलेला होता, तो काढावाच लागणार होता. पण त्यांनी उजव्या डोळ्यातही पाहिलं, आणि जो डोळा आम्ही चांगला समजत होतो त्यातही एक लहान गाठ निघाली. आता प्रश्न त्या उजव्या डोळ्याचा होता. तो राहिला तर मुलगी पाहू शकणार होती. पण त्यातली गाठ राहिली तर मुलगीच राहणार नव्हती.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. मी काय शिकवते ते कळल्यावर त्यांनी आडपडदा ठेवला नाही. गाठी होऊ न देणारं एक जनुक असतं, प्रत्येक पेशीत त्याच्या दोन प्रती. एक बिघडली तर दुसरी सांभाळते. दोन्ही डोळ्यांत गाठी आहेत, म्हणजे हिच्या अंगातल्या प्रत्येक पेशीत एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली आहे. दुसरी डोळ्यातल्या एखाद्या पेशीत नंतर आपोआप बिघडली. बिघाड कुणाकडून आला हे बघायला त्यांनी आम्हा दोघांचेही डोळे तपासले. दोघांच्याही पडद्यावर कधीकाळी होऊन जिरलेल्या गाठीची खूण नव्हती.

“म्हणजे नवीन,” मी म्हणाले.

“नवीन,” त्या म्हणाल्या. मग माझ्या नवऱ्याकडे बघून हिंदीत म्हणाल्या की असा नवा बिघाड बहुतेक वेळा बापाच्या बीजात होतो, कारण पुरुषाच्या शरीरात ते बीज आयुष्यभर तयार होत राहतं, मजकूर पुन्हापुन्हा उतरवला जातो. यात कुणाची चूक नसते, असंही त्यांनी लगेच सांगितलं. नवऱ्यानं मान हलवली. चूक नसते हे त्याच्या कानात शिरलंच नाही, मला दिसत होतं.

डावा डोळा काढला. शुद्धीवर आल्यावर ती रडली ती भुकेनं. पट्टी बांधलेली, सुजलेली, आणि तरीही बिस्किट मागत होती. सासूबाईंनी तिला उचलून घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मी सांगतलं होतं. जिन्यात उभी राहून सांगतलं होतं. तू पेरू काऊन कापला?”

मी अंगात होती नव्हती ती सगळी विद्या त्यांच्यापुढे ओतली. ग्रहणातला उजेड म्हणजे नेहमीचाच उजेड, कमी झालेला. तो पोटापर्यंत पोहोचत नाही. इथे वॉर्डात आजारी लेकरं घेऊन आलेल्या ज्या बाया भेटतात त्यांच्यापैकी कितीजणी ग्रहणात बाहेर गेल्या होत्या ते विचारा. हे आपोआप झालं आहे, आई, आपोआप.

“आपोआप काई होते का?” त्या म्हणाल्या. “भांडंही कोनी पाडल्याबिगर पडत नाई.”

माझ्याकडे उत्तर होतं आणि ते उपयोगाचं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझाही त्यावर विश्वास उरला नव्हता. वर्गात हसत सांगितलेलं ते वाक्य, कायच्यानंच नाही, होतं, ते आता तिच्या खाटेशी उभी राहून मी स्वतःला सांगत होते आणि मला ते निर्लज्जपणाचं वाटत होतं. दोष असता तर मी तो घेतला असता. पेरू कापल्यानं झालं असं सिद्ध झालं असतं तर मी आयुष्यभर पेरूकडे बघितलं नसतं, पण निदान काही धरायला मिळालं असतं. इथे धरायला काहीच नव्हतं.

तेवढ्यात नवरा बोलला. आईसमोर पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता.

“आई, तिले काई म्हनू नको. डाक्टरनं सांगतलं, ते माह्याकडून आलं असन.”

सासूबाईंनी मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मला वाटलं आता तरी संपलं. पण त्याच म्हणाल्या, “तरी तुह्या बापाले म्हनत होतो, ते औषधाचं दुकान टाकू नका. दिवसभर तो वास छातीत भरून राह्यते.” ग्रहण गेलं आणि औषध आलं, पण कारण त्यांना हवंच होतं. आणि गंमत अशी की या वेळी मला नाही म्हणता येईना. औषध उघड्या डब्यातून मोजून देणारा माझा नवरा, हाताला फडकंही न बांधणारा. त्याच्यामुळे झालं असं म्हणायला काहीच पुरावा नव्हता आणि झालं नाही असं म्हणायलाही नव्हता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

“त्याच्यानं झालं का?” त्यानं विचारलं.

“माहीत नाही,” मी म्हणाले. “कुणालाच सांगता येत नाही.”

आता उजवा डोळा. डॉक्टरीणबाईंनी दोन वाटा सांगितल्या. एक, तोही काढायचा. जीव वाचेल, मुलगी आंधळी होईल. दोन, किरणांचे शेक द्यायचे. गाठ जळून जाण्याची बरीच शक्यता होती आणि नजर राहण्याचीही. परदेशात नवी औषधं चालू झाली आहेत, पण आमच्याकडे त्यांचा अनुभव अजून फार नाही, असंही त्या म्हणाल्या. पुढचं त्यांना सांगायचं होतं आणि मला ते आधीच माहीत होतं.

किरण धागे तोडतात. गाठीतल्या पेशी त्यानंच मरतात. पण डोळ्याभोवतीच्या हाडातल्या, कातडीतल्या चांगल्या पेशींवरही ते पडतात, आणि माझ्या मुलीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच धड प्रत होती. साध्या मुलाला दोन घाव लागतात, हिला एक पुरणार होता. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, वीस वर्षांनी, त्या किरणांच्या वाटेवरच्या कुठल्याही हाडात नवा कॅन्सर होऊ शकत होता. होईलच असं नाही. होणार नाही असंही नाही.

माझ्या फळ्यावरची रेघ मला समोर दिसली. डाव्या बाजूचं जे आपोआप झालं होतं त्याच्यावरचा इलाज उजव्या बाजूला लिहिलेला होता. आणि त्यासाठी सही माझी लागणार होती.

नवरा म्हणाला, “तू शिकवतं ना हे. तूच सांग. तू म्हनशील तसं करू.”

मला त्याचा संताप आला. इतकी वर्षं घरात माझ्या शिक्षणाला कुणी विचारलं नव्हतं, विचारलं ते या गोष्टीसाठी. मी दवाखान्याच्या अंगणात जाऊन बसले. सासूबाई मुलीला घेऊन मागे आल्या आणि तिला फरशीवर सोडलं. ती बसल्या बसल्या पुढे सरकली, हात टेकला आणि एक बोट जमिनीवरून हळूहळू फिरवायला लागली. मी वाकून पाहिलं. फरशीच्या सांध्यातून मुंगी चालली होती. साधी काळी मुंगी. ती जिकडे वळेल तिकडे मुलीचं बोट वळत होतं, आणि मुंगी भेगेत शिरली तेव्हा मुलीनं मान वर करून माझ्याकडे तक्रारीनं पाहिलं.

ज्या डोळ्याला मुंगी दिसत होती तो काढा असं मला म्हणता आलं नाही. यात शास्त्र काही नव्हतं. मी आत जाऊन सही केली.

शेक महिनाभराहून जास्त चालले. लहान मूल हलतं म्हणून दरवेळी तिला झोपेचं औषध द्यायचे, म्हणून पहाटेपासून दूध बंद. उपाशी पोरीला कडेवर घेऊन आम्ही रांगेत बसायचो. जाड दार बंद व्हायचं आणि आत ती एकटी असायची. दारावरचा लाल दिवा लागला की सासूबाई डोळे मिटून पुटपुटायच्या. मी डोळे उघडे ठेवून मोजत बसायची, किती धागे तुटले असतील, किती परत जुळले असतील, आणि त्यातले किती चुकीचे जुळले असतील. असं मोजता येत नाही हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. एकदा मी हे मोठ्यानं बोलून गेले तेव्हा सासूबाईंनी माझा हात धरला. “आता मोजू नको,” म्हणाल्या. “आता जे हून राह्यलं ते हू दे.” आमच्या दोघींच्या आयुष्यात इतक्या जवळ आम्ही त्याआधी कधी बसलो नव्हतो.

गाठ जळाली. नजर राहिली. घरी आलो तर भिंतीवर तो बोरन्हाणाचा फोटो, दोन काळेभोर डोळे. मी तो काढून घेऊन तडक स्टुडिओत गेले. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं की जानेवारीत तिचा डोळा खरंच असा होता का.

स्टुडिओवाला भला माणूस. त्यानं फोटोकडे बघून लगेच सांगितलं, “बाई, फ्लॅशनं डोये खराब आलते. एका डोयात लाल आलतं, एकात पांढरं. एवढं गोड लेकरू, बरं दिसे ना. मीच ब्रशनं दोन्ही काये करून देल्ले.” त्याला माझी दाद हवी होती. काम खरोखर सुरेख होतं, रंगाची कड कुठे लागत नव्हती. मग त्यानं निगेटिव्ह शोधून मला ब्रश न लावलेला कोरा फोटो काढून दिला. हसरं तोंड, एका डोळ्यात लाल ठिपका, दुसऱ्यात पांढरा. संक्रांतीला तो पांढरा ठिपका फोटोत आला होता आणि कुणीतरी प्रेमानं तो दुरुस्त केला होता. मी स्टुडिओच्या पायरीवर बसून रडले. तो बिचारा पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता, त्याला काय झालं ते समजत नव्हतं, आणि मी सांगितलंही नाही. त्याला काय सांगणार होते.

कोरा फोटो मी घरी आणला. सासूबाईंनी तो पाहिला आणि कपाटात ठेवून दिला. जुना परत भिंतीवर लावला. “यात तिचे दोन डोये हायेत,” म्हणाल्या. मी वाद घातला नाही.

मग वर्षं गेली, असं म्हणतात तशी ती गेली नाहीत. सुरुवातीला दर काही महिन्यांनी हैदराबाद, नंतर वर्षाला. डाव्या बाजूला बनवलेला डोळा बसवला, तो वाढत्या अंगाबरोबर बदलावा लागे. किरण लागलेल्या बाजूचं हाड वाढलं नाही, उजव्या कानशिलाची जागा जरा खोल राहिली. शाळेत पोरं काय म्हणायची ते ती घरी सांगायची नाही, पण एकदा तिनं एका पोराच्या डोक्यात कंपासपेटी घातली तेव्हा मी तिला रागावले नाही. मजेत होती, हट्टी होती, भांडायला आजीवर गेली होती. बायोलॉजीला नाक मुरडायची, तिला क्रिकेटच्या धावा पाठ.

आणि मी रोज सकाळी तिची वेणी घालायची. केस विंचरताना माझा अंगठा तिच्या उजव्या कानशिलावरून जायचा, भुवईच्या कडेनं, गालाच्या हाडावरून, परत वर. जरा दाबून. काही टणक लागतं का, कालच्यापेक्षा काही वेगळं लागतं का. दिसायला ते लाड होते. मी त्यातून एक दिवसही सुट्टी घेतली नाही. तापात नाही, पाहुण्यांत नाही, सासूबाई गेल्या त्या सकाळीही नाही. एकदा ती चौथीत असताना भुवईजवळ वाटाण्याएवढं काहीतरी हाताला लागलं. मी तशीच, विंचरायचं अर्धं टाकून, तिला घेऊन बसस्टँडवर गेले. सेवाग्रामला तपासलं तर ते केसतूड निघालं. तिथल्या बाकावर मी हसले, मग हसणं थांबेना. तिनं माझं तोंड आपल्या हातानं बंद केलं. नवरा संध्याकाळी दुकानातून वर आला. त्यानं तिचं कपाळ पाहिलं आणि खाली जाऊन औषधाच्या डब्यांचं कपाट मागच्या गोदामात ढकललं. त्यानं ते तेव्हाच का केलं हे मी विचारलं नाही. औषधं विकणं त्यानं पुढे बंदच केलं. मला माहीत होतं की याचा आता काही उपयोग नाही, आणि त्यालाही माहीत होतं.

वर्गात मी तो धडा शिकवत होतेच. आपोआप म्हणजे कायच्यानं, हे विचारणारा एकतरी मुलगा दरवर्षी निघायचा. मी आता हसून उत्तर देत नसे. “विचार करून सांगते,” म्हणायची, आणि पुढचा मुद्दा घ्यायची.

ती आठवीत असतानाची सकाळ. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली होती. ती फणी, तेल आणि रिबिनी घेऊन नेहमीसारखी माझ्यापुढे पाटावर बसली. मी केस मोकळे केले. माझा अंगठा कानशिलाकडे जाणार तेवढ्यात ती मान न वळवता म्हणाली, “आज राहू दे आई. मी पाह्यलं. काई नाई तिथं.”

माझा हात तिथेच थांबला. “काय पाहिलं?”

“तू रोज पाह्यतं तेच.”

मला वाटलं होतं तिला लाड वाटतात. “कधीपासून पाहतेस?”

“ते केसतूड झालतं ना, तेव्हापासून. रोज. तू उठायच्या आधी, न्हाणीत.” तिनं रिबीन बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. “गाठ आलीच तर तुले एकदम हाताले लागू नये म्हनून. मी आधी सांगतली असती.”

मी भांग पाडला, दोन पेड केले, तिसरा घेतला. रिबीन जरा जास्तच घट्ट बांधली गेली. एरवी तिनं आरडाओरडा केला असता. त्या दिवशी ती उठली, दप्तर घेतलं आणि शाळेत गेली.